पहिले चार बाइट

प्रस्तावना

रायपूरच्या मराठी माणसाची भाषा घराच्या उंबऱ्यावर बदलते. आत तो दार उघडतो, बाहेर तेच दार खोलतो, आणि जिन्यात, दुकानात, फोनवर दोन्हींची खिचडी करून ‘खुलत नाही’ म्हणतो. सदर बाजारात एका सराफी दुकानाच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की आठ बाय दहाची एक खोली लागते. तिथं २००३ पासून मी संगणक दुरुस्त करतो. या खोलीत सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य ‘गेम खुलत नाही’ हेच असणार. पोरगा पुरानी बस्तीकडचा असेल तर ‘नइ खुलत हे भैया’, तात्यापाऱ्यातल्या मराठी घरातला असेल तर ‘काका, बघा ना, फाईल खुलतच नाहीये’.

ही पुस्तिका त्या एका तक्रारीबद्दल आहे. संगणकावरच्या खेळांची चित्रं, आवाज, नकाशे आणि खेळणाऱ्यानं कुठवर मजल मारली त्याची नोंद ज्या फाइलींत असते, त्या उघडेनाशा झाल्या तर आधी काय बघायचं, मग काय बघायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, एवढाच तिचा विषय. घरच्यांनीसुद्धा विचारलं की लिहायचंच आहे तर हिशेबाच्या फाइलींवर लिही, लोकांच्या उपयोगी पडेल. खेळांवर कसली पुस्तिका? माझं म्हणणं असं की फाईल तपासायला शिकायचं तर खेळाच्या फाइलीसारखी शाळा नाही. तिची रचना कशी आहे हे बनवणाऱ्यानं बहुधा कुठं लिहून ठेवलेलं नसतं. बनवणारी कंपनी कधीच मिटलेली असू शकते. आणि शिकताना चुकलं तरी कुणाची गिऱ्हाइकी जात नाही, कुणाचा सात-बारा हरवत नाही. इथं हात बसला की लग्नाचे फोटो आणि हिशेबाच्या वह्या आपोआप जमतात.

आधी एका शब्दाचा निकाल लावतो. फाईल उघडली नाही की सगळे एका सुरात म्हणतात, ‘करप्ट झाली’. हा शब्द आपल्याकडे आधी पुढाऱ्यांना लागला, मग फाइलींना, आणि दोन्हीकडे तो चौकशीच्या आधीच वापरला जातो. माझ्याकडे ‘करप्ट’ म्हणून आलेल्या फाइलींतल्या कितीतरी धडधाकट निघाल्या. कुणाचं नाव बदललेलं होतं, कुणाचा वाचणारा प्रोग्राम गेलेला होता, कुणाची जोडीदार फाईल दुसऱ्याच फोल्डरमध्ये राहिली होती. खरोखर बिघडलेल्या फाइलीही असतात, नाही असं नाही. पण ज्यांना बिघडलेल्या समजून कुणीतरी ‘रिपेअर’ केलं आणि त्यामुळे ज्या बिघडल्या, त्यांची संख्या मला जास्त छळते. त्यातल्या एकीला मीच बिघडवलं. ते पुढं सांगतो.

खालच्या दुकानात सेठजी बसतात. सदर बाजार हा रायपूरचा सराफा. दिवसभर जुनं सोनं येतं, नवं जातं. कुणी डाग मोडायला आणला की सेठजी आधी तो काळ्या दगडावर घासतात. दगडावर पिवळी रेघ उमटते, त्याला कस म्हणतात. शेजारी ठाऊक असलेल्या सोन्याच्या काडीचा कस ओढतात, वरून आम्लाचा थेंब सोडतात, आणि कोणती रेघ टिकते, कोणती विरते ते बघतात. डबीवर कुणाचं नाव छापलंय याकडे त्यांचं लक्षही जात नाही. आता हॉलमार्क आलाय, २०२१ पासून दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा वेगळा क्रमांकही येतो, सोनं तपासायचं यंत्र आलंय. तरी दगड गल्ल्याशेजारी आहेच. त्या दगडामुळे मला फाईल बघता यायला लागली असं म्हटलं तर ते नाटकी होईल. पण गिऱ्हाइकाला समजवायला मला याहून सोपं काही सापडलेलं नाही. फाइलीच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, ही डबी. पहिले चार बाइट हा कस.

ही रेघ ओढायचा दगड म्हणजे हेक्स एडिटर. हा फुकट मिळणारा छोटासा प्रोग्राम फाइलीतला एकेक बाइट दोन-दोन चिन्हांत दाखवतो. शून्य ते नऊ आणि पुढं ए ते एफ अशी सोळा चिन्हं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मुंग्यांची रांग वाटते. म्हणून एक फाईल सावकाश वाचून दाखवतो, म्हणजे या पुस्तिकेतल्या पुढच्या सगळ्या पानांची रीत कळेल.

१० डिसेंबर १९९३ रोजी आयडी सॉफ्टवेअरनं ‘डूम’ हा खेळ बाहेर काढला. त्याचा पहिला भाग फुकट वाटायला होता. त्या फुकट भागाच्या १.९ आवृत्तीची डेटा फाईल, डूम१ डॉट वॅड, बरोब्बर ४१,९६,०२० बाइटांची आहे. वॅड या नावामागं ‘सगळा डेटा कुठंय?’ या अर्थाचा इंग्रजी प्रश्न दडलाय, आणि आपल्या कामाला हाच प्रश्न लागतो. हेक्स एडिटरमध्ये तिची सुरुवात अशी दिसते: ४९ ५७ ४१ ४४, मग एफ० ०४ ०० ००, मग बी४ बी७ ३एफ ००. पहिले चार बाइट म्हणजे आय, डब्ल्यू, ए, डी ही अक्षरं. कस लागला, ही खरी वॅड. पुढचे चार बाइट उलटे वाचायचे, कारण या पद्धतीत लहान हिस्सा आधी लिहितात, जसं आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर म्हणतो. उलटं वाचलं की ०४एफ०, म्हणजे १२६४. फाइलीत एवढे गठ्ठे आहेत. त्यापुढचे चार बाइट तसेच उलटे वाचले की ४१,७५,७९६ येतात. गठ्ठ्यांची अनुक्रमणिका त्या जागेपासून सुरू होते. अनुक्रमणिकेतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची: चार बाइट गठ्ठा कुठं आहे ते सांगतात, चार तो केवढा आहे ते, आणि आठ त्याचं नाव. १२६४ गुणिले १६ म्हणजे २०,२२४. हे ४१,७५,७९६ मध्ये मिळवा. ४१,९६,०२०. फाइलीचं वजन पैशाला पैसा जुळतं.

हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि खाली शटर ओढल्याचा आवाज येत होता. मला उगाचच फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

पण यातून एक कामाची गोष्ट निघते. या फाइलीची अनुक्रमणिका पुस्तकासारखी पुढं नाही, शेवटी आहे. समजा कॉपी होताना पेनड्राइव्ह कुणी आधीच उपटला आणि फाईल चाळीस लाख बाइटांवर थांबली. पहिले चार बाइट खणखणीत आहेत, बहुतेक सगळी चित्रं आणि नकाशे आत आहेत, तरीही खेळ तिला हात लावणार नाही, कारण काय कुठं ठेवलंय हे सांगणारं शेवटचं पान गेलेलं आहे. झिपचंही असंच. तिच्या सुरुवातीला पी आणि के ही अक्षरं असतात, ती बनवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची, आणि तिचीही मुख्य यादी शेपटाशी असते. म्हणून अर्धवट उतरलेली झिप ‘पूर्ण रिकामी’ असल्यासारखी वागते. १९९९ च्या ‘क्वेक ३’ च्या पीके३ फाइली नाव बदललेल्या झिपच आहेत. हे कळल्यावर अर्ध्या पोरांचा अर्धा गोंधळ संपतो. थोडक्यात, कस लावून झालं की काट्यावर चढवायचं. नुसत्या दगडावर सेठजीही व्यवहार करत नाहीत.

वॅडची आणखी एक जात आहे, जिचं पहिलं अक्षर आय ऐवजी पी असतं. ती खेळाला लावलेलं ठिगळ: कुणीतरी हौसेनं केलेली नवी लेव्हल, नवे आवाज. तिच्यात बाकीचा खेळ नसतोच. पोरं ती एकटीच डबलक्लिक करतात आणि ‘खुलत नाही’ म्हणून जिना चढून येतात. ठिगळ अंगात घालून बाहेर पडता येत नाही, त्याला आधी सदरा लागतो.

नावाच्या घोटाळ्यांवर पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण आहे, कारण हा घोटाळा आपल्याकडे जास्त. विंडोज नावाचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं; कुणीतरी फाइलीला हातानं ‘डॉट डॅट’ जोडतो आणि प्रत्यक्षात तिचं नाव ‘डॉट डॅट डॉट टीएक्सटी’ होऊन बसतं. शिवाय ‘डॅट’ हे शेपूट म्हणजे गावातला ‘पाटील’: हाक मारा, दहा जण वळतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या डेटा फाइली डॅट आहेत, आणि व्हीसीडीवरचा सिनेमाही डॅटच. २००५ च्या आसपास एका मुलानं मोठ्या विश्वासानं एक डॅट फाईल आणली. मित्रानं ‘गेम आहे’ म्हणून दिलेली, आठवडाभर चालवायचा प्रयत्न केलेली. कस लावला तर आर, आय, एफ, एफ. थोडं पुढं सी, डी, एक्स, ए. म्हणजे व्हीसीडीवरून उतरवलेला व्हिडिओ. प्लेअरमध्ये टाकली तर कुणाच्यातरी बहिणीच्या हळदीचं शूटिंग. मुलगा लाजला, पण शेवटपर्यंत बघून गेला.

शेपूट बदलून फाईल ‘दुरुस्त’ करणारी एक जमातच आहे. डॅट चालत नाही का, मग सेव्ह करून बघ. तेही नाही, मग बिन. डबी बदलून पितळेचं सोनं होत असतं तर खालची सगळी लाईन उपाशी मेली असती.

आता वाचणारा हरवण्याबद्दल. मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको. आपण सगळे त्यातून गेलो आहोत. श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये टाईप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की पानभर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले ओ आणि स्वल्पविराम दिसतात. छापखान्यात असं पान बघून ‘फाईल गेली’ म्हणून रडणारे लेखक मी पाहिलेत. फाइलीतला एक बाइटही हललेला नसतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हा करार फॉन्टशी झालेला होता, आणि फॉन्ट घरी नाही. जुन्या मराठी घरांत ट्रंकेच्या तळाशी असलेले मोडी कागद असेच असतात: शाई ठसठशीत, वाचणारे आजोबा गेलेले. खेळाच्या फाइलींचं निम्मं दुखणं याच जातीचं आहे. सोळा बिटांचे जुने प्रोग्राम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मुळात चालतच नाहीत, मग त्यांच्या फाइली कुणी उघडायच्या? उपाय म्हणजे वाचणारा परत आणणं: डॉसच्या खेळांसाठी डॉसबॉक्स, टिचक्या मारत खेळायच्या जुन्या साहसकथांसाठी स्कमव्हीएम. डूमचा मूळ सोर्स कोड आयडीनं डिसेंबर १९९७ मध्ये खुला केला, म्हणून आजही कुणीतरी रोज नव्या यंत्रासाठी त्याचा वाचणारा तयार करतं. सगळ्याच खेळांचं नशीब एवढं चांगलं नसतं.

जोडीदार हरवण्याचं उदाहरण मात्र रायपूरच्या सायबर कॅफेंनी घरोघर पोचवलं. ‘जीटीए व्हाइस सिटी’ संगणकावर २००३ मध्ये आला आणि पुढची काही वर्षं मला दुसरं काम नव्हतं. त्यातल्या गाड्या, माणसं, इमारती जीटीए३ डॉट आयएमजी या थोरल्या फाइलीत असतात. तिची यादी मात्र तिच्या पोटात नाही. शेजारच्या जीटीए३ डॉट डीआयआर या धाकट्या फाइलीत आहे, एका नोंदीला ३२ बाइट. मालाचं स्थानही बाइटांत दिलेलं नसून २०४८ बाइटांच्या तुकड्यांत मोजलेलं असतं, कारण सीडीच्या एका सेक्टरमध्ये तेवढाच माल मावतो. मुलं मित्राच्या घरून पेनड्राइव्हवर खेळ आणायची, तेव्हा जड तेवढं उचलायची. आयएमजी यायची, डीआयआर राहायची. गोदाम घरी आलं आणि वही दुकानात राहिली. पुढच्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये यादी त्याच फाइलीच्या आरंभी घातलेली आहे आणि तिच्या कपाळावर व्ही, ई, आर, २ अशी चार चिन्हं आहेत. बनवणाऱ्यांनाही आमच्यासारखीच गिऱ्हाइकं भेटली असावीत.

आता माझी चूक.

तात्यापाऱ्यातले एक निवृत्त काका होते. बँकेत हिशेब तपासण्यात जन्म गेलेला. जुन्या डॉसच्या मशीनवर ते ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, बारा लेव्हली. ते सातव्या लेव्हलीत तेहतीस मिनिटं राखून पोचले होते, जे मला आजही जमलेलं नाही. मशीन बदलायचं होतं, त्यांनी फ्लॉपीवर सेव्ह आणली. प्रिन्स डॉट सॅव्ह ही फाईल सगळी मिळून आठ बाइटांची असते. दोन बाइट उरलेली मिनिटं, दोन मिनिटाचे बारीक तुकडे, दोन लेव्हल, दोन जीव. काकांची फाईल होती: २१ ०० २३ ०१ ०७ ०० ०५ ००. सोळाच्या पटीतले २१ म्हणजे आपले ३३. एवढ्या छोट्या फाइलीत काय आहे या उत्सुकतेपोटी मी ती आधी एका साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि बंद करताना सवयीनं सेव्ह दाबलं.

शून्याचा बाइट अशा एडिटरना अक्षर वाटत नाही. कुणी तो गाळतो, कुणी त्याच्या जागी कोरी जागा भरतो. माझ्यानं कोरी जागा भरली, आणि कोऱ्या जागेचा आकडा २०. फाईल झाली २१ २० २३ ०१ ०७ २० ०५ २०. वजन आठच बाइट. म्हणजे काटा सांगतो सगळं ठीक. पण उलटं वाचा: मिनिटं २०२१, म्हणजे आपली ८,२२५. लेव्हल ८,१९९. काकांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, चष्मा काढून म्हणाले, “अहो, आठ हजार मिनिटं म्हटल्यावर राजकन्येला तरी काय घाई?” मी हेक्स एडिटरमध्ये तीन ठिकाणी २० चं ०० केलं आणि फाईल परत जशीच्या तशी झाली. ते जमलं, कारण आठच बाइट होते आणि मिनिटांचा आकडा साठाच्या वर जाऊच शकत नाही हे मला माहीत होतं. हीच चूक पाच लाख बाइटांच्या फाइलीत केली असती तर? कोणती कोरी जागा मुळातली आणि कोणती शून्याच्या छातीवर बसलेली, हे ब्रह्मदेवालाही ओळखता आलं नसतं.

त्या दिवसापासून दुकानात नियम आहे: आलेल्या फाइलीची आधी प्रत, मूळ फाईल ‘फक्त वाचा’ करून बाजूला, जे काय करायचं ते प्रतीवर. आणि प्रत खरी उतरली हे बघायला चेकसम. प्रिन्सच्याच डॅट फाइलींत त्याचा सुबक नमुना आहे. प्रत्येक वस्तूच्या आधी एक राखणदार बाइट असतो, असा निवडलेला की त्याच्यासकट सगळ्या बाइटांची बेरीज २५६ नं भागली की बाकी २५५ च उरावी. एक बाइट बदलला की बाकी चुकते. सेव्ह फाइलीला असा राखणदार नव्हता, म्हणून ती माझ्या हातून निमूटपणे बदलली गेली. आजचे हॅश याच जातीचे, फक्त फार कडक.

पीएनजी चित्रांच्या सुरुवातीला तर सापळाच लावलेला असतो. ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. मधली अक्षरं पी, एन, जी. पुढच्या बाइटांत मुद्दाम ओळ-संपण्याच्या खुणा घातल्या आहेत, कारण तेव्हा फाइली एका संगणकावरून दुसरीकडे पाठवताना मजकूर समजून या खुणा बदलल्या जात. खुणा बदलल्या की सही बदलते आणि चित्र वाटेत बिघडल्याचं पहिल्या आठ बाइटांतच कळतं. असा दूरचा विचार केलेला पाहिला की मला कारागिराबद्दल वाटतो तसाच आदर वाटतो.

प्रिन्सचं नाव निघालंय तर त्याचीच गोष्ट पुरी करतो. जॉर्डन मेकनर यांनी हा खेळ १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी केला, आणि त्याचा मूळ सोर्स कोड पुढं सापडेना. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांनी घरातलं एक खोकं पाठवलं, त्यात फ्लॉप्या निघाल्या. मेकनर यांनी स्वतः त्या कुठल्यातरी ड्राइव्हमध्ये खुपसल्या नाहीत. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जाणकारांना बोलावलं आणि वीस वर्षांपूर्वीच्या चुंबकी चकत्यांवरून मजकूर उतरवून घेतला. एप्रिल २०१२ मध्ये तो सगळ्यांना वाचायला खुला झाला. आमच्याकडे फ्लॉपी हाती लागली की पहिली तीन माणसं ती तीन मशीनमध्ये ‘चालतेय का’ बघून चौथ्याकडे पाठवतात. रायपूरच्या पावसाळ्यानं तिच्यावर आधीच बुरशी धरलेली असते. तीन ड्राइव्हची मुंडकी फिरली की उरलेलंही खरवडलं जातं.

म्हणजे फाईल वाचण्याआधी ती जिच्यावर ठेवलीय ती वस्तू वाचता आली पाहिजे. कॉपी करताना ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा संदेश आला तर दोष फाइलीच्या रचनेत शोधू नका; चकतीवरून आलेली बेरीज चकतीवर लिहिलेल्या बेरजेशी जुळत नाहीये. सीडी मधून बाहेर अशी सरळ पुसावी, गोल नाही. टूथपेस्टच्या उपायाबद्दल मला विचारू नये. पेनड्राइव्हचे दोन दगे वेगळे: फॅट३२ मध्ये चार जीबीची फाईल मावत नाही, एवढं माहीत नसल्यानं लोक खेळाला शिव्या देतात, आणि बाजारात अंगावर लिहिलेल्या क्षमतेहून कमी पोट असलेले नकली पेनड्राइव्ह मिळतात, ज्यांच्यावर फाईल दिसते पूर्ण पण तिचा पुढचा भाग कुठंच लिहिलेला नसतो. वीज गेल्यावर बिघडलेली सेव्ह ओळखणं तर अगदी सोपं. हेक्स एडिटरमध्ये उघडा. आकार बरोबर आणि आत सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यंच शून्यं. जागा नावावर चढली, माल पोचायच्या आत दिवे गेले. अशा फाइलीत परत आणण्यासारखं काही नसतं, आणि हे गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगावं. दोन दिवस ठेवून घेऊन पैसे लावू नयेत.

काही वेळा फाईल उत्तम, यंत्र उत्तम, आणि अडथळा मधल्या व्यवस्थेचा असतो. विंडोज व्हिस्टापासून जुना खेळ ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये सेव्ह लिहायला गेला की विंडोज ती गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. खेळाला ती दिसते, आपल्याला मूळ जागी दिसत नाही, आणि नव्या मशीनवर नेताना ती मागं राहते. आपल्या माणसांचं खास दुखणं आणखी एक: हौसेनं विंडोजमध्ये स्वतःचं नाव देवनागरीत घातलं की त्या नावाचं फोल्डर होतं, आणि इंग्रजीपलीकडं काही न कळणारा जुना खेळ त्या वाटेवर अडकून पडतो. तोडगा म्हणजे खेळासाठी इंग्रजी नावाचं दुसरं खातं. मला तो देताना दरवेळी चोरट्यासारखं वाटतं.

दुसऱ्याच्या खेळाचं कुलूप फोडायचे उपाय या पुस्तिकेत नाहीत. ज्यांची आम्ही वर्षानुवर्षं नक्कल करून खेळलो त्या सीड्यांबद्दल आता साळसूदपणाचा आव आणत नाही. पण लिहून शिकवणं वेगळं. स्वतःच्या कायदेशीर प्रतीची हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून प्रत काढायला आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम ५२ (१) (एए), परवानगी देतो. पुस्तिकेतली प्रत्येक कृती त्या कुंपणाच्या आत बसते. विकत घेतलेल्या सीडीवरचा खेळ केवळ तिच्या संरक्षण-प्रणालीचा ड्रायव्हर विंडोज १० नं नाकारल्यामुळे चालत नसेल तर चीड येते, मलाही येते. त्यावर काय करता येतं आणि काय येत नाही, ते शेवटच्या प्रकरणात आहे.

मराठीत का लिहिलं, हा प्रश्न रायपुरात विचारला जातोच. माधवराव सप्रे घरात मराठी बोलणारे. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले. मी त्याच वाटेनं उलटा निघालोय, फार हलकं ओझं घेऊन: इथं हिंदीत आणि छत्तीसगढीत जे शिकलो ते घरच्या भाषेत आणतोय. त्यामुळे कुठं ‘उघडत नाही’च्या जागी ‘खुलत नाही’ राहून गेलं असेल. मुद्रितशोधकानं त्यावर लाल खूण केली होती. काही ठिकाणी मी ती पुसली.

ही प्रस्तावना लिहिताना टेबलाच्या खणात एक फ्लॉपी आहे. बँकेतल्या काकांच्या मुलानं घर आवरताना आणून दिली. तिची प्रत काढलीय, दोनदा, आणि दोन्ही प्रतींचा हॅश जुळतो. आत प्रिन्सची सेव्ह आहे, पाच मिनिटं बाकी, लेव्हल बारा. शेजारी ३,०७२ बाइटांची, शेपूट नसलेली एक फाईल आहे. तिची पहिली चार चिन्हं माझ्या ओळखीच्या कुठल्याच यादीत नाहीत. शून्यं कमी आहेत, दर अट्ठेचाळीस बाइटांनी एक घाट पुन्हा येतो, म्हणजे कुणीतरी रकाने आखून काही लिहिलंय. चौसष्ट नोंदी होतात. खेळ असेल, किंवा हिशेब तपासणाऱ्या माणसानं स्वतःपुरता केलेला काही जमाखर्च असेल. उद्या पुन्हा बसेन तिच्यापुढं.

सदर बाजार, रायपूर